तिसरा बिंदू

पॅरिस, 1350 नंतरची काही वर्षं. सेंत-जनव्हिएव्हच्या टेकडीवर, नाव्हार कॉलेजच्या एका खोलीत तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. थंडी हाडात शिरते आहे. प्लेग येऊन गेल्याला फार काळ झालेला नाही. चढण चढताना दारं बंद झालेली घरं दिसली, ती मोजायचं तुम्ही मध्येच सोडून दिलंत. मेजावर वाकून बसलेला माणूस निकोल ओरेम. याच कॉलेजात शिकला, 1356 मध्ये याच कॉलेजाचा प्रमुख होईल आणि उतारवयात लिझ्यूचा बिशप. तुम्हाला लॅटिन कसं कळतं, हे या प्रवासात विचारायचं नाही.

तो चर्मपत्रावर एक आडवी रेघ ओढतो. समजा, ही लोखंडाची सळई. एक टोक भट्टीजवळ, दुसरं लांब. सळईच्या प्रत्येक जागी उष्णता वेगळी. आता त्या त्या जागेवर, जितकी उष्णता तितक्या उंचीची एकेक उभी रेघ. आडवीला तो म्हणतो लांबी आणि उभीला रुंदी, पण तुमच्या डोळ्यांना लगेच दुसरंच दिसतं: X-अक्ष आणि त्यावर उभे राहिलेले y. उभ्या रेघांची टोकं जोडली की वर एक रेषा तयार होते. सगळीकडे सारखी उष्णता असेल तर आयत. एका टोकाला शून्य आणि तिथून सारख्या प्रमाणात वाढत गेली तर काटकोन त्रिकोण. सारख्या प्रमाणात बदलत नसेल तर वेडंवाकडं.

‘सारख्या प्रमाणात’ म्हणजे नेमकं काय, हे सांगायला तो थांबतो. तुम्ही पुढे सरकता, कारण हे ऐकायलाच तर आलात. तो सळईवर तीन बिंदू घेतो. पहिल्यापासून दुसरा दोन बोटं लांब, दुसऱ्यापासून तिसरा चार बोटं. पहिल्या बिंदूपाशी उष्णता 1, दुसऱ्यापाशी 4, तिसऱ्यापाशी 10. अंतरं 2 आणि 4, वाढ 3 आणि 6. दोन्हींचं प्रमाण एकच. कुठलेही तीन बिंदू घ्या, हे जुळलंच पाहिजे; जुळलं तर वरची रेषा सरळ. आकडे तुमच्या सोयीसाठी आपण घातले, व्याख्या मात्र त्याची.

दहावीच्या वर्गात तुम्हाला सांगितलेलं असतं की रेषा काढायला दोन बिंदू पुरतात, तरी तीन घ्या. तिसरा तपासायला. तो रेषेवर बसला नाही तर कुठेतरी चिन्ह चुकलं. तुम्ही ते मुकाट्यानं केलंत, कारण सारणीत तीन रकाने नसले तर मार्क कापले जायचे. इथे, या थंड खोलीत, तिसरा बिंदू तपासणीसाठी आलेलाच नाही. दोनच बिंदू असतील तर वाढही एकच, मग तिची तुलना कशाशी करणार? ‘सारखं’ हा शब्द बोलायलाच तिसरा लागतो. शाळेनं जी खबरदारी म्हणून शिकवली, ती इथे मूळ व्याख्या आहे.

एक गोष्ट मात्र तुम्हाला खटकते. या खोलीत मोजायचं साधन एकही नाही. थर्मामीटर यायला दोन-अडीच शतकं आहेत. ओरेमनं कुठलीही सळई तापवलेली नाही, बोट पोळून घेतलेलं नाही. वेगाबद्दलही तो असंच बोलतो: आडव्या रेघेवर काळ, उभ्या रेघांवर वेग, आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. म्हणून शून्यापासून सारख्या प्रमाणात वेग वाढवत गेलेला माणूस, तेवढाच वेळ त्याच्या शेवटच्या वेगाच्या निम्म्यानं सतत चाललेल्या माणसाइतकंच अंतर कापतो. त्रिकोण आणि त्याच्या निम्म्या उंचीचा आयत सारखेच. सुंदर आहे, आणि सगळं डोक्यातलं. समीकरणही नाही. x नाही, y नाही, बरोबरचं चिन्ह नाही. रेषा आहे, पण ती कुठल्याही समीकरणाची नाही.

समीकरणासाठी तुम्हाला जवळजवळ तीनशे वर्षं पुढे आणि बरंच दक्षिणेला जावं लागतं.

टूलूझ. गारोन नदीवरून येणारा वारा, भाजक्या विटांचं तांबूस शहर. प्येर द फर्मा दिवसा पार्लमाँमध्ये न्यायदानाचं काम करतो. 1631 पासून तो तिथला सल्लागार आहे. गणित उरलेल्या वेळात. अपोलोनियस नावाच्या ग्रीकाचं हरवलेलं पुस्तक, जुन्या लेखकांनी केलेल्या उल्लेखांवरून पुन्हा उभं करायचं, हा त्याचा छंद. त्या छंदातूनच त्याच्यासमोर पडलेलं हे छोटं टिपण निघालं. 1637 मध्ये ते पॅरिसच्या मित्रांकडे पोचेल, हातोहात नकलून फिरेल, आणि छापून येईल थेट 1679 मध्ये, फर्मा जाऊन चौदा वर्षं झाल्यावर, मुलाच्या खटपटीमुळे.

तुम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावता. पहिल्यांदा काहीच कळत नाही, कारण अज्ञात राशींना तो A आणि E म्हणतो, माहीत असलेल्यांना B आणि D. ही व्हिएत या फ्रेंच गणितीची पद्धत: स्वर म्हणजे अज्ञात, व्यंजनं म्हणजे ज्ञात. एकदा हे लक्षात आलं की पान उलगडतं. D गुणिले A बरोबर B गुणिले E. म्हणजे E आणि A यांचं प्रमाण ठरलेलं. म्हणजे सरळ रेषा. दोन अज्ञात राशी एका समीकरणात उरल्या की त्यातून एखादं उत्तर नाही, एक बिंदुपथ मिळतो, हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. गणिताच्या इतिहासात इतकी मोठी गोष्ट इतक्या कमी गाजावाजानं क्वचितच सांगितली गेली असेल.

आकृतीत अक्ष एकच आहे. N पासून निघालेली आडवी रेघ. तिच्यावर Z नावाचा बिंदू सरकतो, N पासून A अंतरावर. Z वर E लांबीची काठी उभी, ठरलेल्या कोनात. काटकोनच हवा असं बंधन नाही. काठीच्या टोकाचं नाव I. Z सरकतो तशी काठी लहानमोठी होते आणि I ज्या वाटेनं जातो ती आपली रेषा. दुसरा अक्ष नाही, चौकटी नाहीत, ठिपके नाहीत. तुम्ही आयुष्यभर आलेख म्हणजे ठिपके जोडणं समजत आलात; इथे ठिपका एकच आहे आणि तो चालतो आहे.

आता त्याच्यासमोर शाळेतलं एखादं समीकरण ठेवून पाहा: 2x + 3y = 12. त्याच्या थाटात ते असं बसतं: 12 वजा 2A बरोबर 3E. यावर तो एक युक्ती करतो. 12 ला 2 नं भागून 6 काढतो आणि डावी बाजू 2 गुणिले (6 वजा A) अशी लिहितो. मग आडव्या रेघेवर N पासून 6 अंतरावर M हा बिंदू मांडतो. Z पासून M पर्यंतचं अंतर म्हणजेच 6 वजा A. आता प्रश्न पुन्हा पहिल्यासारखाच: काठीची लांबी आणि M पासूनचं अंतर यांचं प्रमाण 2 : 3. काठी कुठेही उभी करा, I, Z, M हा त्रिकोण लहानमोठा होईल, पण आकार तोच. म्हणून I ला M मधून जाणाऱ्या एका सरळ रेषेवरच राहावं लागतं.

हा M कोण, ते तुम्ही ओळखलंत. y ला शून्य घाला, x किती येतो ते बघा, तिथे अक्षावर खूण करा. मग x ला शून्य घाला. रेषा अक्षांना जिथे छेदते ते दोन बिंदू काढून पट्टी ठेवायची, ही परीक्षेतली सगळ्यात झटपट रीत. (6, 0) आणि (0, 4), झालं. घाईच्या वेळी ती तुम्हाला उपयोगी पडली असेल. इथे मात्र तिच्यात घाई नाही. फर्मा M घेतो तो दुसऱ्याच कारणासाठी: वजाबाकी असलेलं समीकरण फिरवून साध्या प्रमाणाच्या समीकरणासारखं करायचं असेल तर मोजायला सुरुवात कुठून करायची, तर M पासून. आरंभबिंदू हलवला की अवघड समीकरण सोपं होतं. शाळेत ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते हीच त्या रीतीची खरी गंमत आहे.

एक बारीक नजर टाका. तो 12 ला नुसता 12 म्हणत नाही. लांबी गुणिले लांबी म्हणजे क्षेत्र, मग त्यातून वजा करायची राशीही क्षेत्रच हवी, असा त्याच्या काळचा कडक शिस्तीचा नियम. म्हणून 12 च्या जागी Z हे अक्षर (सरकणाऱ्या बिंदूशी त्याचा संबंध नाही), आणि सोबत ‘समतल’ अशी खूणगाठ. आणि रेषा M पाशी थांबते. 6 च्या पलीकडे गेलं की काठीची लांबी ऋण होईल, आणि ऋण लांबीची काठी कुणी पाहिली आहे?

वाटेत लायडनला एक धावती भेट द्यायला हवी, नाहीतर लोक म्हणतील देकार्तला वगळलं. 1637, यान मेअरचं छापखान्याचं दुकान. पुस्तकावर लेखकाचं नाव नाही. विचार करण्याच्या पद्धतीवरचा निबंध आधी, त्यामागे प्रकाश, हवामान आणि शेवटी भूमिती. तुम्ही अधाशासारखी शेवटची पानं उलटता. ज्याच्या नावानं आख्खं जग या आलेखांना ओळखतं, त्याच्या पुस्तकात एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन अक्ष कुठेच नाहीत, आणि रेषीय समीकरणाचा आलेख तर नाहीच. सरळ रेषेसारख्या सोप्या गोष्टीवर थांबायला त्याला वेळ नव्हता. पॅपस या ग्रीक गणितीचा जुना, अवघड प्रश्न फोडायचा होता. आपल्याला त्याच्याकडून x आणि y मिळाले, हेही कमी नाही. पुस्तक खाली ठेवा.

ते सोपं काम ज्यानं अंगावर घेतलं तो गणिताचा प्राध्यापक नव्हता. यान दे विट 1653 पासून हॉलंडचा कारभार चालवत होता. इंग्लंडशी युद्ध, तह, आरमार, कर्ज, सगळं त्याच्या टेबलावर. वक्र रेषांवरचा त्याचा ग्रंथ देकार्तच्या भूमितीच्या लॅटिन आवृत्तीला जोडून आला. ती आवृत्ती फ्रान्स व्हान स्कूटेननं तयार केली आणि 1659 ते 1661 या काळात ती अ‍ॅमस्टरडॅमला एल्झेव्हिरांच्या छापखान्यातून बाहेर पडली. ओलसर पानाची घडी तुम्ही उघडता आणि पहिल्यांदाच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. सरळ रेषेची समीकरणं, एकाखाली एक, चार प्रकार. y बरोबर b भागिले a गुणिले x. तेच अधिक c. तेच वजा c. आणि शेवटी c वजा तेच.

एकच समीकरण चार वेळा का, असं तुमच्या मनात येतं. आपल्याला y = mx + c एवढं पुरतं; m ऋण चालतो, c ऋण चालतो. त्याला नाही चालत. अक्षरामागची राशी त्याच्याकडे धनच असते, म्हणून उतरणाऱ्या रेषेला वेगळा नियम, खालून सुरू होणाऱ्या रेषेला वेगळा. पण रेषा कशी काढायची, ते त्याच्या मांडणीतून चटकन हाती येतं. 2x + 3y = 12 हे त्याच्या चौथ्या प्रकारात बसतं: y बरोबर 4 वजा दोन-तृतीयांश x. आरंभापाशी 4 उंची घ्या. तिथून 3 उजवीकडे, 2 खाली. पुन्हा 3 उजवीकडे, 2 खाली. (0, 4), (3, 2), (6, 0). फर्माचा M पुन्हा भेटतो, पण या वेळी त्याच्याकडे कुणी सरळ गेलेलं नाही, पायऱ्या उतरत गेलो. पुढे शाळेत याला चढ म्हणतात. रेषा खाली येत असली तरी शब्द चढच. मग त्याच्यामागे उणे लावून घ्यायचं.

दे विटच्या द हेगमध्ये फार थांबू नका. 20 ऑगस्ट 1672 रोजी याच शहरात जमाव यान दे विटला आणि त्याच्या भावाला रस्त्यावर ठार मारील.

इथून पुढची शंभर वर्षं तुम्ही जवळजवळ पळत ओलांडता. 1704 मध्ये न्यूटन तिसऱ्या घाताच्या वक्रांवरचा निबंध छापतो आणि त्यात आकृत्या अक्षांच्या दोन्ही बाजूंना बेधडक पसरतात. चारही चरण वापरात येतात. फर्माची M पाशी अडलेली रेषा आता पुढे जाऊ शकते: x ला 9 दिला की y उणे 2, x ला उणे 3 दिला की y 6. जिनिव्हात 1750 साली गाब्रिएल क्रेमरचं जाड पुस्तक निघतं. नाव ऐकताच तुम्हाला निश्चयक आठवतात, आडव्या-उभ्या ओळी, तिरका गुणाकार, आणि उत्तर न जुळल्यानं खोडलेलं पान. क्रेमरची पद्धत ही आलेखाला कंटाळलेल्या मुलांची सुटका, असा आपला समज. पण ते पुस्तक मुळात वक्र रेषांचंच आहे. दिलेल्या पाच बिंदूंतून जाणारा वक्र शोधायचा तर पाच समीकरणं एकदम सोडवावी लागतात, तेवढ्यासाठी हा नियम त्यानं मागच्या परिशिष्टात टाकला. म्हणजे आपण ज्याला आलेखाचा पर्याय म्हणून शिकलो, ते आलेखाचंच पोर.

आता लंडन, 1899. संध्याकाळ. बाकांवर कामगार बसलेत, कुणी थेट कारखान्यातून आलेला, नखांत तेल. समोर जॉन पेरी, इंजिनियर, रॉयल कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक. तरुणपणी जपानमध्ये शिकवून आलेले. युक्लिडची प्रमेयं पाठ करून घेण्याऐवजी या माणसांच्या हातात चौकटीचा कागद द्या, हा त्यांचा हट्ट. दोन वर्षांनी, 1901 मध्ये, ग्लासगोच्या सभेत ते हाच हट्ट इतक्या जोरात मांडतील की शाळांमधल्या गणिताचा अभ्यासक्रम हलेल. तुमच्या दप्तरातल्या आलेख कागदाची वाट बरीचशी या खोलीतून जाते.

तुमच्यापुढे कप्पी आणि दोर असलेलं वजन उचलायचं यंत्र आहे. वजन टांगायचं, ते उचलायला किती जोर लागतो ते मोजायचं, लिहायचं. 10 रतलाला 3.1. 20 ला 4.9. 30 ला 7.1. 40 ला 8.9. तुम्ही कागदावर चार फुल्या मारता, पट्टी ठेवता, आणि अडता. पहिल्या दोन फुल्या जोडल्या तर तिसरी वर राहते. दुसरी आणि तिसरी जोडली तर चौथी खाली. शाळेतला नियम सांगतो की तुमचं चुकलं, परत मोजा. शेजारचा कामगार मात्र खिशातून काळा दोरा काढतो, दोन्ही टोकांना ताणून धरतो आणि फुल्यांवरून हळूहळू सरकवतो, काही वर, काही खाली, कुणावरच अन्याय नाही अशा जागी येईपर्यंत. दोरा चारपैकी एकाही फुलीतून जात नाही. तरी तो म्हणतो, जमलं.

दोऱ्यावरचे दोन बिंदू वाचून समीकरण लिहिता येतं: जोर बरोबर 0.2 गुणिले वजन अधिक 1. चढ 0.2 म्हणजे दर रतल वजनाला पाव रतलाहूनही कमी जोर, हा कप्प्यांचा फायदा. आणि ते सुटं 1? वजन शून्य असताना रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती उंची. काहीच टांगलेलं नसताना यंत्र हलवायला लागणारा जोर, म्हणजे मुख्यतः घर्षण. तुम्ही c ला आजवर नुसता c म्हणत होतात. इथे त्याला तेल घालता येतं.

आणि तिसरा बिंदू? ओरेमच्या खोलीत तो नेमका बसायचा, कारण सळई मनातली होती. इथे तो बसत नाही, आणि किती बसत नाही यावरून वजनकाटा, हात, दोर यांची लायकी कळते. सगळ्याच फुल्या एका बाजूनं वाकायला लागल्या, तर मात्र दोरा गुंडाळून खिशात टाकायचा. मग नियमच सरळ रेषेचा नाही.

जाताजाता पेरी एक व्यवहारी गोष्ट दाखवतात, ती ऐकून ठेवा: प्रमाण असं निवडा की आकडे चौकटींवर पडावेत. शाळेतल्या मुलांना हे कळलं तर निम्मे आलेख वाचतील. 2x + 3y = 12 मध्ये x ला 1 देणारा मुलगा y ला 3.33 काढून बसतो, मग एका सेंटिमीटरला एक एकक धरलेल्या कागदावर तो तिसऱ्या मिलिमीटरच्या रेघेपुढे एक तृतीयांश शोधतो, आणि त्याची रेषा त्याच्यावर उलटते. 3 च्या पाढ्यातले x घ्या. 0, 3, 6. हवं तर उणे 3. y आपोआप पूर्णांकात येतात.

शेवटचा टप्पा आपल्याकडचा आहे. वाटेत फक्त एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाचं आलेख-पद्धतीवरचं पुस्तक चाळा. त्यात पॅरिस ते लियाँ मार्गावरच्या गाड्यांचं वेळापत्रक आहे, पण आकड्यांत नाही, रेघांत. आडवा अक्ष वेळ. उभ्या अक्षावर स्टेशनं, त्यांच्यातल्या खऱ्या अंतराच्या प्रमाणात. प्रत्येक गाडी एक तिरकी रेघ. उभट रेघ म्हणजे वेगवान गाडी, आणि थांबली की रेघ आडवी. हीच रीत पुढे जगभरच्या रेल्वे कंट्रोलमध्ये गेली.

कोकण रेल्वे, 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली कुठलीही संध्याकाळ. रोहा ते वीर हा पट्टा पुढे 2021 मध्ये दुहेरी होईल, पण तुम्ही आहात ते त्याच्या बरंच खाली, जिथे रूळ एकच आहे. सेक्शन कंट्रोलरच्या मागे उभे राहा. समोर मोठा चार्ट, हातात पेन्सिल, कानाला फोन. एकेका स्टेशन मास्तरचा आवाज येतो, गाडी अमुक वाजता गेली, आणि रेघ तेवढी पुढे सरकते. या रेघेला इथे पाथ म्हणतात.

हिशोबासाठी गोल आकडे घेऊ. खालचं स्टेशन 0 किलोमीटरवर, वरचं 30 वर, मध्ये 12 आणि 20 वर दोन स्टेशनं, जिथे लूप लाइन आहे आणि एक गाडी बाजूला घेता येते. एक पॅसेंजर 5 वाजता 0 वरून निघते, ताशी 60, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर: d = t. समोरून मेल 5.10 ला 30 वरून निघते, ताशी 90: d = 45 − 1.5t. एकसामयिक समीकरणं. सोडवा: t = 18, d = 18. परीक्षेत तुम्ही इथे उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळे झाला असतात. कंट्रोलरच्या अंगावर या उत्तरानं काटा येतो. 18 किलोमीटरवर स्टेशन नाही. 5.18 ला, एकेरी रुळावर, दोन गाड्या समोरासमोर.

त्याचं गणित म्हणून उलटं चालतं. छेदनबिंदू कुठे येतो ते शोधायचं नाही, तो कुठे यायला हवा ते ठरवायचं, आणि रेघा तशा वाकवायच्या. स्टेशनांच्या आडव्या रेघांवरच दोन पाथ एकमेकांना छेदू शकतात, बाकी कुठेही नाही. 12 वर जमवायचं म्हटलं तर पॅसेंजर 5.12 ला पोचते, मेल तिथून 5.22 ला जाणार. दहा मिनिटं पॅसेंजरची रेघ आडवी, चढ शून्य. 20 वर जमवायचं तर मेल 5.16 नंतर 40 सेकंदांनी पोचेल आणि पॅसेंजर येईपर्यंत, 5.20 पर्यंत, तिला तीन मिनिटं 20 सेकंद तिष्ठावं लागेल. एकूण वेळ दुसऱ्यात कमी जातो. पण मेलला थांबवायचं नाही, हा अलिखित कायदा. म्हणून पेन्सिल 12 वर टेकते. तुम्ही कधी आडबाजूच्या स्टेशनावर, सिग्नलकडे बघत, भजी संपली तरी न हललेल्या गाडीत बसला असाल, आणि कुणीतरी म्हणालं असेल ‘क्रॉसिंग आहे’, तर तुम्ही अशाच एका आडव्या रेघेवर बसला होतात. प्रत्यक्षात लूपमध्ये शिरताना वेग कमी करावा लागतो, सिग्नल लागायला वेळ जातो, म्हणून ही रेघ हिशोबापेक्षा थोडी लांबच निघते.

फोन वाजतो. मेल वरच्या स्टेशनावरून चार मिनिटं उशिरा सुटते आहे, 5.14 ला. कंट्रोलर मेलची रेघ खोडतो आणि तिला समांतर नवी ओढतो: वेग तोच, म्हणून चढ तोच, फक्त सगळी रेघ चार मिनिटं उजवीकडे. d = 51 − 1.5t. आता 12 वर ती 5.26 ला येणार. पॅसेंजरची चौदा मिनिटं जाणार. त्याची पेन्सिल वर 20 च्या रेघेकडे जाते. तिथे मेल 5.20 नंतर 40 सेकंदांनी. आणि पॅसेंजर बरोबर 5.20 ला. आता तिथे मेलला थांबवायलाच लागत नाही. पॅसेंजर आधी लूपमध्ये शिरली की मेल मेन लाइननं थेट निघून जाईल. लूपमध्ये शिरण्यासाठी ते 40 सेकंद तरी हातात असावेत म्हणून तो 12 च्या मास्तरला फोन लावतो: पॅसेंजरला थांबवू नका, थ्रू सोडा, जराही वेळ नको. मग 20 च्या मास्तरला: पॅसेंजर लूपवर घ्या, मेल मेन लाइनवरून जाईल, वरच्या स्टेशनाशी बोलून घ्या.

5.12 ला पॅसेंजर 12 किलोमीटरवरचं स्टेशन न थांबता ओलांडते. डब्यात रोजचा एक प्रवासी चहावाल्याला हाक मारायला दारापाशी येऊन उभा राहिलेला असतो. फलाट मागे पळताना बघून तो चकित होतो आणि परत जागेवर येऊन बसतो. शेजारच्या काकू विचारतात, आज क्रॉसिंग नाही का? आहे, पण पुढे नेलं असणार, तो सांगतो, आणि घड्याळ बघतो.